घबाड सापडलं, पण कुणाचं?



समजा, रविवारची सकाळ आहे. महिन्याभराची वर्तमानपत्रं घेऊन तुम्ही बाबांबरोबर रद्दीच्या दुकानात गेला आहात. बाबा डोळ्यांत तेल घालून वजनकाट्याकडे पाहताहेत आणि तुम्ही कोपऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात डोकं खुपसलंय. तेवढ्यात एक पिवळं पडलेलं, जुनं पुस्तक हाती लागतं. दुकानदार म्हणतो, ‘‘वीस रुपये द्या.’’ पण तुम्हाला ठाऊक आहे, की हे पुस्तक आता कुठेच मिळत नाही. जाणकार माणूस त्याचे दोन हजारसुद्धा मोजेल!

आता काय कराल? चटकन वीस रुपये काढून द्याल? ‘दहाला द्या ना’ म्हणून घासाघीस कराल? की दुकानदाराला खरी किंमत सांगाल?

उत्तराची घाई करू नका. प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही, बरं का!

जुन्या वस्तूंची नवी मुंबई

आपलं शहर तसं नवं. सिडकोची स्थापना १९७० सालची, म्हणजे आपल्या शहराचं वय तुमच्या आजी-आजोबांपेक्षाही कमीच. पण जुन्या वस्तूंची ये-जा इथेही रोज चालू असते. दुपारी बिल्डिंगखालून बोहारणीची हाक येते. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं. दोन साड्या आणि एक पँट दिली की स्टीलचं पातेलं मिळतं. मग आई म्हणते, ‘‘एवढ्यात एवढंसंच?’’ आणि बोहारीण म्हणते, ‘‘ताई, साडीचा काठ फाटलाय बघा!’’ भंगारवाला पंखे, कुकर, सायकली नेतो. रद्दीवाला पुस्तकं नेतो. या सगळ्यांचं पोट त्याच मालावर चालतं.

अलीकडे यात एक भर पडली आहे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ ही मोहीम सुरू केली. कचरा कमी करा, वस्तू पुन्हा वापरा, पुनर्चक्रीकरण करा, या तीन गोष्टींसाठी शहराशहरांत ‘थ्री आर’ केंद्रं उघडली. आपल्या महानगरपालिकेनेही ती उघडली. तुम्ही तिथली कपाटं पाहिली असतील. आपल्याला नको असलेले पण चांगले कपडे, पुस्तकं, खेळणी तिथे ठेवायची आणि ज्याला हवी त्याने न्यायची. पैशांचा व्यवहारच नाही!

परदेशांत यासाठी चक्क दुकानं असतात. लोक जुन्या वस्तू फुकट देतात, दुकान त्या स्वस्तात विकतं आणि आलेला पैसा गरजूंच्या कामी लावतं. इंग्लंडमधल्या ‘ऑक्सफॅम’ या संस्थेची अशी दुकानं प्रसिद्ध आहेत. आपल्या देशात अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ‘गूंज’ ही संस्था सुरू केली. शहरांत जमलेले कपडे ती खेड्यांत नेते, पण भीक म्हणून वाटत नाही. गावकरी मिळून विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. या कामासाठी गुप्तांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जिथे जुन्या वस्तूंचा ढीग असतो, तिथे कधी ना कधी एखादं घबाडही सापडतं. जगात खरोखर घडलेल्या अशा तीन गोष्टी सांगते. ऐकताना एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा : कोणाला काय माहीत होतं?

चार डॉलरची चौकट

१९८९ साल. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जुन्या बाजारात एका माणसाने चार डॉलरला एक चित्र घेतलं. चित्र त्याला आवडलं नव्हतं, त्याला हवी होती चौकट. घरी येऊन त्याने ती उघडली, तर चित्रामागे घडी केलेला एक छापील कागद! तो होता अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा, १७७६ च्या जुलैमध्ये छापलेल्या अगदी पहिल्या प्रतींपैकी एक. १९९१ मध्ये त्याचा लिलाव झाला आणि २४ लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

इथे विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही नव्हतं. कुणी कुणाला फसवलं, असं म्हणता येत नाही. नशीब म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

दीडशे युरोचा मुखवटा

दुसरी गोष्ट फ्रान्समधली. एका म्हाताऱ्या जोडप्याला आपलं गावचं घर रिकामं करायचं होतं. २०२१ मध्ये त्यांनी जुन्या वस्तू घेणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. अडगळीत एक आफ्रिकी मुखवटा होता. तो दीडशे युरोला गेला. पुढच्या मार्चमध्ये, म्हणजे २०२२ साली, माँपेलिए शहरात त्याच मुखवट्याचा लिलाव झाला. बोली किती लागली असेल? ४२ लाख युरो!

आजी-आजोबांनी ही बातमी वर्तमानपत्रात वाचली, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा. ते कोर्टात गेले. दुकानदाराचं म्हणणं होतं, ‘घेताना मलाही किंमत माहीत नव्हती.’ डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो दुकानदाराच्या बाजूने. वस्तू विकण्याआधी तिची किंमत जाणकाराकडून तपासून घेणं हे मालकाचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही, असं न्यायालयाला वाटलं.

पण थांबा, गोष्ट संपलेली नाही. हा मुखवटा मुळात आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातल्या फांग लोकांचा. आजोबांचे आजोबा तिकडे फ्रेंच राजवटीत अधिकारी होते, त्यांनी तो आणलेला. गॅबॉनच्या लोकांनी लिलावाच्या वेळीच आवाज उठवला, ‘अहो, मुखवटा आमचा आहे!’ म्हणजे दोघे भांडत होते त्या वस्तूवर, जिचा खरा धनी तिसराच असू शकतो.

टेबलाखालचं डोकं

तिसरी गोष्ट मदतीसाठी चालवल्या जाणाऱ्या दुकानातलीच आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात ‘गुडविल’ नावाच्या संस्थेचं दुकान आहे. २०१८ मध्ये तिथे एका बाईंना टेबलाखाली एक संगमरवरी पुतळा दिसला. पुतळा म्हणजे फक्त डोकं आणि खांदे. किंमत सुमारे ३५ डॉलर. त्या जुन्या वस्तूंच्याच व्यापारी असल्यामुळे नजर तयार होती. त्यांनी तो उचलला.

चौकशी केल्यावर कळलं, की पुतळा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, रोमन काळातला आहे. तो जर्मनीत बव्हेरियाच्या राजाच्या संग्रहात होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तिथून नाहीसा झाला होता. बाईंना तो विकून श्रीमंत होता आलं नाही. कारण पुतळा बव्हेरियाने कधी विकलाच नव्हता! त्यांनी तो परत देण्याचा करार केला. पाठवण्याआधी तो सॅन अँटोनिओच्या संग्रहालयात ठेवला गेला, म्हणजे सगळ्यांना पाहता आला.

कायदा काय म्हणतो?

वकील व्हायचंय ना कुणाकुणाला? मग हे तुमच्यासाठी.

आपल्याकडे १८७२ चा भारतीय करार कायदा आहे. दीडशे वर्षं झाली, अजून चालतो. त्यात छान छान उदाहरणं दिली आहेत. दोन व्यापारी सौदा करताहेत. भाव बदलल्याची बातमी एकाला कळली आहे, दुसऱ्याला नाही. पहिल्याने ती सांगायलाच हवी का? कायदा म्हणतो, नाही. पण खोटं बोलायचं नाही. ‘हे पुस्तक कवडीमोलाचं आहे हो, घेतो आपलं पोरांसाठी’ असं तुम्ही मुद्दाम म्हणालात, तर ती लबाडी झाली.

आता दुसरं उदाहरण ऐका. एक माणूस दोष असलेला घोडा लिलावात विकतो आणि गप्प राहतो. ही फसवणूक नाही. पण तोच घोडा त्याने नुकत्याच सज्ञान झालेल्या स्वतःच्या मुलीला विकला, तर? तर दोष सांगणं त्याचं कर्तव्य आहे! पाहिलंत? घोडा तोच, गप्प बसणंही तेच, पण समोर कोण आहे यावरून उत्तर बदललं. जो आपल्यावर विश्वास टाकून आहे, त्याच्यापाशी गप्प बसणं हेसुद्धा खोटं बोलणंच.

आता तिसरा मुद्दा. इंग्लंडमध्ये १८४१ साली एक खटला गाजला. एकाने लिलावात जुनं लिहिण्याचं मेज घेतलं. त्याला चोरकप्पा निघाला आणि त्यात पैशांची थैली. त्याने ती ठेवून घेतली. न्यायालय म्हणालं, विकलं होतं ते मेज. आतले पैसे विकायचे कुणाच्या मनातही नव्हते, तेव्हा असे पैसे खिशात घालणं ही चोरी ठरू शकते. आपल्या कायद्यातही असंच आहे. रस्त्यात पत्र सापडलं, आत नोट आहे आणि पत्रावरून मालक कोण ते कळतंय. तरी नोट ठेवून घेतली, तर तो गुन्हा. जुनी दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही हा नियम कायम आहे.

आणि जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, की कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, चित्रं, नाणी यांना १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू म्हटलं आहे. त्या कुणालाही आपल्या मर्जीने परदेशी पाठवता येत नाहीत. काही वस्तू एका माणसाच्या खिशापेक्षा मोठ्या असतात, म्हणून हे नियम.

वर्गातली वादावादी

मुखवट्याची गोष्ट मी माझ्या चौथीच्या वर्गात सांगितली. झालं! वर्गात दोन तट पडले.

‘‘बाई, विकणाऱ्याने आधी बघायला नको? आता मोबाइलवर सगळं कळतं!’’ पहिल्या बाकावरून आवाज आला.

‘‘माझ्या आजीला नाही बघता येत मोबाइल. मग तिला फसवायचं का?’’ मागून उत्तर आलं.

‘‘पण बाई, दुकानदाराने डोकं चालवलं, त्याचे पैसे त्याला नकोत?’’

असा गलका चालला असताना खिडकीजवळची एक मुलगी हळूच उभी राहिली. तिच्या वडिलांचं भंगाराचं दुकान आहे. ती म्हणाली, ‘‘माझे बाबा गोण्या घरी आणल्या की आधी सगळे डबे उघडून बघतात, पाकिटं उलटी करतात. काही निघालं तर परत नेऊन देतात. पण बाई, लोक बाबांनाच विचारतात, अजून काय काय निघालं? आणि लोकांनी आमच्याकडून स्वस्तात चांगली वस्तू नेली, तर कुणी काही विचारत नाही.’’

वर्ग शांत झाला. मुलांनो, त्या शांततेत मोठा धडा होता. प्रामाणिकपणा आपण नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसाकडून मागतो. भंगारवाल्याने अंगठी परत करावी, रिक्षावाल्याने बॅग परत करावी. ते करतातही, पेपरात फोटो येतो. पण आपण शिकलेले लोक त्यांच्याकडून हजाराची वस्तू दहाला आणतो, तेव्हा तिला ‘हुशारी’ म्हणतो!

तीन प्रश्न विचारा

मग अशी वस्तू समोर आली की करायचं काय? मी मुलांना तीन प्रश्न लिहून दिले. तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

पहिला प्रश्न : ही वस्तू विकली गेली, दिली गेली, की विसरली गेली? रद्दीच्या पुस्तकात वाळलेलं फूल निघालं, तर ते तुमचं. पाचशेची नोट किंवा कुणाचं दहावीचं प्रमाणपत्र निघालं, तर ते विसरलेलं आहे, विकलेलं नाही. नाव-पत्ता असेल तर परत द्यायचं. नसेल तर दुकानदाराला सांगायचं, बहुतेक वेळा त्याला आठवतं कुठल्या घरची रद्दी आहे ते. ‘थ्री आर’ केंद्रातल्या पर्सच्या कप्प्यात सोन्याची कुडी सापडली, तर ती देणाऱ्याने दिलेली नाही हे उघड आहे. तिथल्या कर्मचाऱ्याला किंवा पोलिसांना मोठ्यांबरोबर जाऊन सांगायचं.

दुसरा प्रश्न : समोर कोण आहे? मोठा व्यापारी असेल, त्याने स्वतः किंमत ठरवली असेल, तर ती देऊन वस्तू घेण्यात गैर काही नाही. चोरबाजारातले किंवा फोर्टातल्या पदपथावरचे पुस्तकविक्रेते आपल्याहून चार पावलं पुढे असतात! पण शेजारच्या एकट्या आजी घर आवरताना तुम्हालाच विचारत असतील, ‘‘बाळ, हे ठेवू की देऊन टाकू?’’ तर तिथे गप्प बसायचं नाही. सांगायचं, ‘‘आजी, हे मोलाचं आहे, जाणकाराला दाखवू या.’’

तिसरा प्रश्न : घेऊन काय करणार? वाचणार, वापरणार, जपणार, की लगेच विकून मोकळे होणार? हा प्रश्न फुकट मिळणाऱ्या वस्तूंसाठी तर फारच महत्त्वाचा. कपाटातला स्वेटर ज्याने ठेवला, त्याच्या मनात एक थंडीने कुडकुडणारं मूल होतं. गरज नसताना चांगलं चांगलं वेचून न्यायचं आणि बाहेर विकायचं, म्हणजे त्या मुलाच्या अंगावरचा स्वेटर काढून घेणं. कायदा त्यासाठी तुम्हाला पकडणार नाही, पण मन पकडील.

आता रद्दीच्या दुकानातल्या त्या पुस्तकाचं उत्तर देता येतं. वीस रुपये दुकानदाराने सांगितले, तुम्ही खोटं बोलला नाहीत, वाचायला घेतलंत, तर खुशाल घ्या. पण वीसाचे दहा करू नका! आणि पुढे कधी ते दोन हजारांना गेलंच, तर त्यातले काही त्या दुकानदाराला नेऊन द्या, त्याला पुस्तकाचं मोलही सांगा. पुढच्या वेळी तसं पुस्तक तो फाडून पुड्या बांधायला देणार नाही. एक पुस्तक वाचवून तुम्ही दहा वाचवाल.

अडगळीतून उभं राहिलेलं संग्रहालय

घेऊन काय करायचं, याचं झकास उत्तर पुण्यात आहे. शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिलं असेल. दिनकर गंगाधर केळकर १८९६ साली जन्मले. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. गावोगाव हिंडून त्यांनी दिवे जमवले, अडकित्ते जमवले, वज्र्या, दौती, कुलपं, बाहुल्या, दरवाजे, वाद्यं जमवली. पत्नी कमलाबाईंची साथ होतीच. लोकांना जी अडगळ वाटे, तीत केळकरांना आपल्या आज्या-पणज्यांचे हात दिसत. अशा सुमारे वीस हजार वस्तू जमल्या.

त्यातली एकेक विकली असती, तरी केवढी कमाई झाली असती! त्यांनी तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला, म्हणजे तुम्हाआम्हाला देऊन टाकला. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. केळकर १९९० मध्ये गेले, पण आजही कुणीही तिकीट काढून ते अडकित्ते पाहू शकतं.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचंही असंच. जुन्या घरांतल्या पेट्यांमधली कागदपत्रं वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या तोंडी जात होती. ती मिळवण्यासाठी राजवाडे आयुष्यभर पायपीट करत राहिले आणि मिळालं ते छापून सगळ्यांपुढे ठेवलं. वाईला मिळालेल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. घबाड त्यांनाही सापडलं होतं, फक्त त्यांनी ते वाटून टाकलं.

थोडं आई-बाबांसाठी

पालकहो, हा मजकूर मुलांबरोबर वाचत असाल, तर एक विनंती. बोहारणीकडून किंवा भंगारवाल्याकडून काही स्वस्तात मिळालं, की घरी ‘कसा गंडवला!’ असं हसत सांगू नका. मुलं गणित शाळेत शिकतात, पण व्यवहार घरात शिकतात. आणि वस्तू देण्याआधी खिसे, कप्पे, पुस्तकांची पानं एकदा चाळा. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्यापेक्षा आपण सावध राहिलेलं बरं. फाटकं-तुटकं ‘थ्री आर’च्या कपाटात कोंबू नका. ते दान नव्हे, तो कचरा झाला.

आणि मुलांनो, तुम्हाला एक गृहपाठ. चार डॉलरच्या चौकटीची गोष्ट मी ‘नशीब’ म्हणून सोडून दिली होती. आता तीन प्रश्न हातात घेऊन ती पुन्हा वाचा. चित्रामागचा तो कागद विकला गेला होता, की विसरला गेला होता? आज रात्री जेवताना घरात हा प्रश्न टाका. आजीचं उत्तर, बाबांचं उत्तर आणि तुमचं उत्तर वहीत लिहा. तीन उत्तरं वेगळी निघाली तर घाबरू नका, खुशाल वाद घाला. फक्त उत्तर देताना प्रत्येकाने एकदा तरी विकणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहायचं, एवढी एकच अट!